फेटा कुणासाठी?

नीटनेटक्या पुरुषावर बायका भाळतात, असे आपण सहज बोलून जातो. धाराशिवचा इतिहास वेगळे सुचवतो. कापडाची इथे वाण नव्हती: पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरप्रवासाच्या ग्रंथात तगरहून, म्हणजे जिल्ह्यातल्या आजच्या तेरहून, जाडेभरडे कापड आणि तलम मलमल भडोचला जात असल्याची नोंद आहे. पण अंगावरचे वस्त्र आधी ऐपत सांगे. १९४८ पर्यंतच्या निजामी अमलात शेरवानी आणि रुमी टोपी दिसली की माणूस सरकारदरबारातला, हे लांबूनच कळे. धोतर-फेट्यातला कुणबी वेगळा ओळखू येई. लग्न ठरवणार वडीलधारे, मुलीला विचारतो कोण? वराचा जरीचा फेटा तिच्या नजरेपेक्षा सासऱ्याच्या हिशेबासाठी असे.

यावर कुणी लावणीचा दाखला देईल. तिथली नायिका सख्याच्या रुबाबावर जीव टाकते, हे खरे. पण शाहीर होनाजी काय नि शेजारच्या सोलापूरचे राम जोशी काय, रचणारे पुरुष आणि दौलतजादा करणारेही पुरुषच. ती तारीफ पुरुषाने स्वतःचीच करवून घेतलेली. तुळजापूरच्या जत्रेत नव्या फेट्याकडे बायकांची नजर जात नसेल, असे मुळीच नाही. फक्त त्या नजरेला सोयरिकीच्या बैठकीत जागा नव्हती.