पथ्य आणि औषध : फॉलिक आम्लाचा धडा

कर्करोगाचे निदान झाले, की औषधांच्या चौकशीबरोबरच घरात दुसरा प्रश्न उभा राहतो : रुग्णाला खायला काय द्यायचे? नांदेड-लातूरकडची घरेही याला अपवाद नाहीत. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाला कोणी साखर आणि भाकरी सोडायला सांगतो, कोणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणून देतो. 'अन्नच ते, त्याने अपाय कसला?' असा त्यामागचा विचार असतो. हा विचार तपासून पाहण्यास विज्ञानाच्या इतिहासातील एक उदाहरण फार उपयोगी आहे. त्याची सुरुवात मुंबईच्या परळ भागात झाली. मराठवाड्यातून अनेक रुग्ण ज्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात, ते १९४१ साली सुरू झालेले रुग्णालयही परळमध्येच आहे.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर भारतात आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे. लोह कमी पडल्यास रक्तातील तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या असत. विल्स यांनी स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली, तेव्हा गरिबांच्या जेवणात भाज्या आणि फळे फारच थोडी असल्याचे दिसले. तसाच आहार उंदरांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला. परंतु तो उवांमार्फत पसरणाऱ्या जंतूंमुळे झाला होता, असे पुढे लक्षात आले. नंतर माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मात्र स्पष्ट उत्तर मिळाले : यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय टळतो. 'मार्माइट' नावाने बाजारात मिळणारा हा स्वस्त अर्क स्त्रियांना दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले.

अर्कातील तो गुणकारी पदार्थ कोणता, हे कळायला आणखी काही वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक पदार्थ वेगळा करण्यात आला. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ साली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्या प्रतीचे घटक बनवण्यास फॉलिक आम्ल लागते. अस्थिमज्जेत रक्तपेशी अखंड तयार होत असतात. म्हणून या जीवनसत्त्वाचा तुटवडा प्रथम रक्तात दिसतो.

बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाची काही संयुगे देऊन पाहिली. रक्त बिघडले आहे आणि हे जीवनसत्त्व रक्त सुधारते, तेव्हा हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण रोग उलट अधिक वेगाने वाढताना दिसला. भराभर विभागणाऱ्या कर्कपेशींनाच ही मदत मिळत होती!

मग फॉलिक आम्ल तोडले तर? ते केवळ पथ्याने साधणे कठीण असते. व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ साली स्वतःवरच प्रयोग केला. तीन तीन वेळा उकळून फॉलिक आम्ल काढून टाकलेले अन्न ते खात राहिले. रक्तक्षय दिसायला सुमारे साडेचार महिने लागले, कारण शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा असतो. आजारी मुलापाशी इतका वेळ नसतो. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने वेगळा मार्ग काढला होता. ॲमिनोप्टेरिन हा पदार्थ फॉलिक आम्लासारखाच दिसतो, पण कुलपात बसून न फिरणाऱ्या खोट्या किल्लीसारखा वागतो, आणि खऱ्या किल्लीला जागा मिळू देत नाही. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती ठरली, तरी या रोगात औषधाने उतार पडू शकतो हे प्रथमच दिसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बारावांचे निधन झाले. ॲमिनोप्टेरिनचा भाऊबंद असलेले मेथोट्रेक्सेट आजही या रोगाच्या उपचारात वापरतात.

मेंदूच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. रक्तातील बरेच पदार्थ मेंदूत शिरू शकत नाहीत. म्हणून मेंदूतील लिम्फोमा या कर्करोगात मेथोट्रेक्सेट फार मोठ्या मात्रेत देतात. ती मात्रा निरोगी पेशींनाही मारक असते. त्यासाठी साधारण एका दिवसानंतर फॉलिक आम्लाचेच एक रूप, फॉलिनिक आम्ल, देऊन त्या पेशी वाचवतात. तेच फार लवकर दिले तर औषधाचा परिणाम घटेल. दिलेच नाही तर रुग्ण दगावेल. अन्नातलाच घटक, पण तारक की मारक हे वेळ आणि मात्रा ठरवतात.

आता साखर सोडण्याचा प्रश्न. कर्कपेशी ग्लुकोज अधोाशासारखे वापरतात, हे १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी दाखवले. त्यावरून अत्यल्प पिष्टमय व भरपूर स्निग्ध पदार्थांचा 'कीटोजेनिक' आहार देऊन मेंदूची गाठ उपाशी ठेवावी, ही कल्पना निघाली. हाच आहार अपस्मारासाठी १९२१ पासून माहीत आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या उग्र कर्करोगात किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर आयुर्मानाचा मध्यक १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला, असे २००५ साली सिद्ध झाले. आहाराने यात भर पडेल का? जर्मनीत हा आजार उलटलेल्या २० रुग्णांना कीटोजेनिक आहार दिला गेला. २०१४ च्या अहवालानुसार बहुतेकांना तो झेपला, पण केवळ त्याने रोग आटोक्यात आला नाही. पुढच्या चाचणीत ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. दोन्ही गटांना किरणोपचार मिळाले, एका गटाला काही दिवस कमी उष्मांकाचा कीटोजेनिक आहार व उपवासही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, रोग पुन्हा वाढेपर्यंतच्या काळात दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही. प्रश्न मिटलेला नाही. पण या आहाराने आयुष्य वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

वर्गात हा विषय शिकवताना विद्यार्थ्यांसमोर दोन तर्क ठेवता येतील : 'जीवनसत्त्व रक्त सुधारते, म्हणून द्या' आणि 'गाठ साखर खाते, म्हणून तोडा'. दोन्ही पटण्याजोगे आहेत. पहिला रुग्णांवर उलटला, दुसरा आजवरच्या चाचण्यांत टिकला नाही. आम्हा संशोधकांनाही तर्काने चाचणीपर्यंतच जाता येते. निकाल चाचणीच देते.

घरच्या माणसांसाठी याचा अर्थ साधा आहे. लातूरच्या डाळमिलांतून येणाऱ्या तुरी-हरभऱ्याच्या डाळीत आणि पालेभाज्यांत फॉलिक आम्ल असतेच. म्हणून वरण-भाजी सोडण्याचे कारण नाही. परंतु गोळी, काढा किंवा कडक पथ्य सुरू करण्यापूर्वी ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आधीच खंगलेल्या रुग्णाच्या ताटातली भाकरी काढून घेणे हाही एक उपचारच आहे, आणि प्रत्येक उपचाराला पुरावा लागतो.