दाब किती द्यायचा?

२०२१च्या एप्रिलमध्ये आमचे थोरले बंधू व्हेंटिलेटरवर होते. ऑक्सिजनचा आकडा ८९. आम्ही डॉक्टरांना म्हटलं, "थोडा दाब वाढवा ना." ते म्हणाले, "सर, ८९ पुरतो. दाब वाढवला तर फुफ्फुस फाटेल." त्या उत्तरामागचा इतिहास आम्ही नंतर वाचला.

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची हकीकत छापली. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, पण फुफ्फुसं सगळ्यांची सारखीच ताठर. ७ जण दगावले. मात्र श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखला, तर मिटणारे वायुकोश उघडे राहतात, हे त्यांना दिसलं. त्या दाबाला 'पीप' म्हणतात.

श्वासही मोठे दिले जात, वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिलिटर. रक्तातले आकडे छान यायचे. १९७४ साली वेब आणि टिअर्नी यांनी निरोगी उंदरांना पाण्याच्या ४५ सेंटिमीटर दाबानं श्वास दिला, पीप न ठेवता. तासाभराच्या आत फुफ्फुसं पाण्यानं भरली. इथं शेलारमध्ये मागावर काम केलेल्यांना हे सांगायला नको, जास्त ताणलं की सूत तुटतं. पण तुटलेलं सूत दिसतं तरी. फुफ्फुसातलं दिसत नाही, आकडा दिसतो. त्यामुळे रुग्णालयांतली रीत आणखी पंचवीस वर्षं तशीच चालली.

मधल्या काळात इटलीच्या गॅटिनोनींनी सीटी स्कॅनवर दाखवलं, की अशा आजारात हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरतो. म्हणजे मोठ्या माणसाचा श्वास आपण बाळाच्या फुफ्फुसात कोंबत होतो!

निकाल लागला २००० साली. अमेरिकेत ८६१ रुग्णांपैकी काहींना किलोमागे १२ मिलिलिटर, काहींना ६, आणि या दुसऱ्यांचा दाब ३०च्या आत. (वजन उंचीवरून काढलेलं, पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही.) पहिले काही दिवस लहान श्वासवाल्यांचा ऑक्सिजन उलट कमीच होता. मृत्यू मात्र ४० टक्क्यांऐवजी ३१. मग इतकी वर्षं 'सुधारणा' म्हणून आपण नक्की काय मोजत होतो? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण एवढा बोचरा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटला नव्हता.

पीप किती, यावर अजून वाद आहे. २०१७च्या, ब्राझीलच्या पुढाकारानं झालेल्या मोठ्या चाचणीत मिटलेले वायुकोश जोरानं उघडून पीप चढा ठेवला, तर मृत्यू वाढले.

बंधूंचा आकडा त्या रात्री ८९-९०वरच राहिला. नळी अठराव्या दिवशी निघाली.