राउटर: कार्यालयाचे दप्तर, घरातील यंत्र

१. २९ ऑक्टोबर १९६९. लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द निघाला; दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तो संदेश वाहणारी 'आयएमपी' यंत्रे शीतकपाटाएवढी होती. आजच्या राउटरचे हे पूर्वज.

२. १९८४मध्ये सिस्को स्थापन झाली आणि पुढे राउटर कार्यालयोकार्यालयी पोहोचले. कार्यालयांनी मोडीत काढलेली तीच यंत्रे आज स्वस्तात घरी येतात.

३. मात्र वीज तोडली तरी त्यांत जुन्या मालकाचे पासवर्ड व जोडण्यांचा तपशील टिकून राहतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी ईसेट या सुरक्षा-कंपनीने १८ वापरलेले राउटर विकत घेतले होते. त्यांतील तपासता आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत कंपन्यांची गोपनीय माहिती सापडली.

४. म्हणून जोडणीपूर्वी फॅक्टरी रीसेट करावे; सुरक्षा-अपडेट अद्याप मिळतात का, हेही पाहावे. जुनी दप्तरे जपणे हा इतिहासप्रेमींचा धर्म. हे एक दप्तर मात्र पुसलेलेच बरे.