पाण्याने आखलेली नगरी

दिवाळीच्या सुमारास उमरखेडच्या काळ्या शिवारात कापूस फुटू लागतो. हे पांढरे धन जायचे कोठे, असे पूर्वी कुणा म्हाताऱ्याला विचारले, तर उत्तर ठरलेले असे, 'मुंबईला!'

मुंबईत कापूस पिकत नाही. तरी कापसानेच ती वाढली. याचे मर्म तिच्या भूगोलात आहे. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे अरबी समुद्र आणि कुशीत खोल, सुरक्षित बंदर. 1865 मध्ये आगगाडी थळघाट चढून इगतपुरीस गेली, 1867 मध्ये नागपुरास पोचली, आणि वऱ्हाडच्या कापसाला बंदराची वाट मोकळी झाली. पुढे गिरण्या वाढल्या, त्यांना तेथली हवाही मानवली. कोरड्या हवेत सूत तटातट तुटते. समुद्रकाठच्या दमट हवेत ते लवचीक राहते.

पण माणसांनी राहावे कोठे? मूळची ही सात बेटे. मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरे. 1784 च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने वरळीची खिंड बुजली. 1838 मध्ये कुलाबा रस्त्याने जोडला गेला. तरी तिन्ही बाजूंना पाणीच! नागपूरसारखे ऐसपैस पसरणे या शहराच्या नशिबी नव्हते. ते उत्तरेकडे लांबत गेले आणि मजल्यावर मजले चढवीत राहिले. गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात चाळी उठल्या, एकेका खोलीत माणसे दाटली. 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा या दाटीची किंमत कळली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा, म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. म्हणजे शहराचा नकाशा पाण्याने आखला, वाऱ्याने दुरुस्त केला!

मात्र पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्याकडे साऱ्या वर्षात जवळजवळ तेवढाच पडतो. भरती आली की समुद्रच गटारांची तोंडे मिटतो, मग पावसाने जावे कोठे? त्या पुरात शेकडो माणसे दगावली. 1982 च्या संपानंतर कितीतरी गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण परळची सखल भूमी सखलच आहे.

पैनगंगेकाठचा शहाणा शेतकरी ओढ्याच्या पात्रात घर बांधीत नाही. ओढा आठ महिने कोरडा असला, तरी ती वाट कोणाची, हे त्याला ठाऊक असते. आपल्या कापसावर मोठ्या झालेल्या त्या नगरीने या खेड्याकडून आता एवढे शहाणपणही घ्यावे.