बिळातल्या पिसवा: प्रस्तावना

दसऱ्याच्या सुमारास वाशीम-रिसोडकडच्या वावरांत सोयाबीन निघते आणि धुऱ्यालगतची बिळे उघडी पडतात. उंदीर पळतो, मागे राहते त्याचे गवताचे घरटे. पिसवांच्या नव्या अभ्यासकाने उंदरामागे न धावता आधी ते घरटे पांढऱ्या ताटलीत झटकावे, असे माझे मत आहे. हातमोजे घालूनच!

पुलिसिडी कुळातल्या झेनोप्सिला वंशाची पिसू उंदराच्या अंगावर येते ती रक्त प्यायला. तिचा बाकीचा संसार बिळातला. अंडी घरंगळून खाली पडतात. अळ्यांना पाय नाहीत, डोळे नाहीत. मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले वाळके रक्त आणि केरकचरा खाऊन त्या वाढतात. मग धुळीचे कण चिकटलेल्या रेशमी कोषात बसतात आणि जवळ हालचाल झाली की पिसू होऊन बाहेर पडतात. अळीला कोरडी हवा सोसत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या जमिनीत बिळाची खोली मोजणे हेही पिसवांच्याच अभ्यासात मोडते.

ही विद्या वाढली ती मात्र प्लेगच्या धास्तीने. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली; १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत पिसवांवर बोट ठेवले, तेव्हा फारसे कुणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने गिनीपिग बारीक जाळीआड ठेवून पाहिले. पिसवा पोचल्या नाहीत तिथे रोगही पोचला नाही. पुढे १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले की जंतूंच्या गाठीने पिसूचा अन्नमार्ग तुंबतो. भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि जंतू जखमेत सोडते. ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही: ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून पिसवांचा उपद्रव झाल्याची तक्रार आली आणि पाठोपाठ प्लेगची बातमी.

झेनोप्सिला चिओपिस आणि झेनोप्सिला ॲस्टिया नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. मादीची शुक्रपिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की फरक कळतो. तो कळायलाच हवा, कारण प्लेग पसरवण्यात ॲस्टिया बरीच मागे आहे.

कुपीवर चिठ्ठी लावताना उंदराची जात लिहावी; घूस, चिचुंद्री, खार यांना एकाच नावाखाली घालू नये. पिसू अंगावरची की घरट्यातली, तेही तिथेच नोंदवावे.