घरातील छोटा, हट्टी संकरित कुत्रा : स्वभाव, शिस्त आणि काळजी

‘पॉम’ म्हणून घरोघरी ओळखला जाणारा पांढरा, केसाळ, टोकदार कानांचा छोटा कुत्रा बहुतेक वेळा अस्सल पॉमेरियन नसतो. तो इंडियन स्पिट्झ असतो, किंवा स्पिट्झचा ल्हासा, डॅशहंड अथवा गावठी कुत्र्याशी झालेला संकर असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी हा याच इंडियन स्पिट्झ जातीचा. देह लहान आणि खाणे कमी, त्यामुळे तो फ्लॅटमध्ये सहज सामावतो. त्याचा स्वभाव मात्र तितक्या सहज सामावत नाही.

हा हट्ट बऱ्याच अंशी पूर्वजांच्या कामातून आलेला आहे. डॅशहंड हा बिळात शिरून बिज्जूशी एकट्याने झुंजण्यासाठी जर्मनीत जोपासला गेला. बिळात मालकाचा हुकूम पोहोचत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. ल्हासा हा तिबेटमधील मठांच्या आतल्या दालनांचा पहारेकरी. स्पिट्झ तर भुंकून वर्दी देण्यासाठीच प्रसिद्ध. तरीही संकरित पिल्लात नेमके काय उतरेल, याचे भाकीत करता येत नाही. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, दोन कुत्र्यांच्या वागणुकीतील फरकाचा जेमतेम ९ टक्के भाग जातीमुळे असल्याचे दिसले. विक्रेता ‘या संकराचा स्वभाव असाच असतो’ असे छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यावर विसंबू नये.

उरलेल्या हट्टात घरच्या माणसांचा वाटा मोठा असतो. व्हिएन्नातील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, लहान कुत्र्यांचे मालक त्यांना कमी शिकवतात आणि त्यांच्याशी वागण्यात सातत्य ठेवत नाहीत. लॅब्रॅडोर सोफ्यावरून गुरगुरला तर प्रशिक्षकाला बोलावले जाते, सहा किलोचा पॉम गुरगुरला तर त्याचा व्हिडिओ काढला जातो. एकाने जेवताना हाकलायचे आणि दुसऱ्याने टेबलाखालून पावाचा तुकडा द्यायचा, अशा घरात कुत्रा हट्ट सोडत नाही. कधीतरी तुकडा मिळतो, एवढे त्याला पुरते.

भुंकण्याचेही असेच. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजतो, कुत्रा भुंकतो, पोदेर पाव देऊन पुढे जातो. कुत्र्याच्या हिशेबी आपण भुंकलो म्हणून तो गेला; हा ‘विजय’ रोज मिळत असल्याने सवय पक्की होते. त्यावर ओरडणे व्यर्थ, कारण त्याला मालकही आपल्यासोबत भुंकत असल्यासारखे वाटते. हॉर्न दुरून ऐकू येताच त्याला दारापासून दूर बोलावून खाऊ द्यावा आणि हे काही आठवडे न चुकता करावे. पळवलेली चप्पल ओढून घेण्याऐवजी उकडलेल्या चिकनच्या तुकड्याच्या बदल्यात सोडवावी. शिकवणी तीन ते पाच मिनिटांची, पण रोजची असावी. गुरगुरण्याबद्दल शिक्षा मुळीच करू नये. तो इशारा आहे. इशारा देणे बंद केलेला कुत्रा थेट चावतो.

शरीराकडेही लक्ष हवे. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणे आणि श्वासनलिका दबणे हे दोष आढळतात. आई-वडील दोघांतही दोष असेल, तर संकरामुळे तो टळत नाही. पट्टा ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस बरा. हवामानानुसार काळजी बदलते. बीदर जिल्ह्यातील कोहिनूरसारख्या पठारी गावात उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. तिथे सावली, पाणी आणि दुपारी तापलेल्या जमिनीवर न फिरवणे महत्त्वाचे. गोव्यात हवा दमट असते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो आणि दमट हवेत ते नीट साधत नाही, म्हणून पारा कमी असतानाही त्याला त्रास होतो. स्पिट्झचे दुहेरी केस मुळापासून भादरू नयेत, नियमित विंचरावेत. गोचिडांपासून होणारा ताप जिवावर बेतू शकतो. त्यामुळे कान, काखा आणि बोटांमधली जागा रोज तपासावी.

सर्वांत धोकादायक गैरसमज चाव्याबाबत आहे. ‘घरचाच आहे, छोटासाच दात लागला’ म्हणून जखमेवर हळद लावून विषय मिटवला जातो. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित घोषित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. ते व्यापक लसीकरणामुळे शक्य झाले, आणि घरात राहणाऱ्या कुत्र्यालाही तिसऱ्या महिन्यापासून पशुवैद्याच्या सल्ल्याने लस व पुढे बूस्टर लागतोच. चावा अथवा ओरखडा लागल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रक्त आले असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असू शकते, हे डॉक्टर ठरवतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण दहा दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबवू नये.