झरियातील बहुस्तरी कोळसा खाणकाम

एकाखाली एक असलेल्या दगडी कोळशाच्या थरांत खाणकाम करताना जमीन स्थिर राखण्याचा प्रश्न भारतात मुख्यतः झरिया (झारखंड) येथे तीव्रतेने उद्‍भवला. येथील बाराकर शैलसमूहात सु. १८ प्रमुख थर आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग आल्यावर खाजगी खाणी झपाट्याने वाढल्या. वरच्या जाड थरांतील सुलभ कोळसा प्रथम काढण्यात आला. छताला आधार म्हणून राखलेल्या कोळशाच्या स्तंभांच्या मांडणीत मात्र एकसूत्रता नव्हती. वरच्या स्तंभावरील भार मधल्या खडकातून खाली पोहोचतो. त्याखाली स्तंभाऐवजी पोकळी असल्यास मधला पातळ खडक मोडतो. उलट, खालचा थर आधी काढून छत ढासळू दिल्यास वरचा थर खचतो व भेगाळतो. भेगांतून हवा शिरून कोळसा आपोआप पेटू शकतो. झरियातील पहिली आग १९१६ मध्ये नोंदली गेली.

पोकळ्यांत वाळूचा भराव घालण्यास १९३९ च्या कायद्याने साहाय्य मिळू लागले. नऊ मी.च्या आत असलेल्या थरांतील स्तंभ शक्यतो एकाखाली एक ठेवावेत व मधला खडक किमान ३ मी. जाड असावा, असे १९५७ च्या विनियमांनी ठरविले. राष्ट्रीयीकरणाने (१९७१–७३) बहुतेक खाणी एका व्यवस्थापनाखाली आल्या. परंतु आधीच्या पोकळ्या व आगी तशाच राहिल्या. त्यांवरील वस्तीच्या स्थलांतरासाठी केंद्र शासनाला २००९ मध्ये बृहत् योजना मंजूर करावी लागली.